हजेरीचे पन्नास मीटर

१९९८ सालच्या एप्रिलमधला शेवटचा रविवार. सकाळचे साडेदहा. जागा नाशिकच्या आमच्या तलावाच्या प्रेक्षक-गॅलरीखालची खोली. बँकेत शिल्लक अकरा हजार चारशे साठ रुपये. हजर सभासद एकोणीस, त्यांत अध्यक्ष आप्पा. विसावी मी. मी सभासद नव्हते, जिल्हा संघटनेची पगारी कारकून होते. सभेचं इतिवृत्त लिहायचं, चहा सांगायचा आणि कोणी आकडा विचारला तर सांगायचा. मत नव्हतं.

विषय एकच होता. संघटनेच्या नावात फक्त 'जलतरण' आहे, त्यात डायव्हिंग आणि वॉटरपोलो हे शब्द घालायचे की नाही? खर्च मी आधीच काढून ठेवला होता. वकील आणि अर्जाची फी, वर्तमानपत्रातली नोटीस, तीन रबरी शिक्के, दारावरची पाटी, नवी लेटरहेडं. सगळं मिळून दोन हजार तीनशे.

आप्पा म्हणाले, "विचार चांगला आहे. पण खर्च परवडणार नाही."

मी मान वर केली. "आप्पा, शिल्लक अकरा हजार आहे."

"बाई, तुम्ही लिहा. तुम्हाला मत नाही."

हात वर झाले. बाजूने सात, विरोधात बारा. नाव बदलायला दोन तृतीयांश लागत होते, म्हणजे तेरा. ठराव पडला. मग चहा आला, बटाटेवडे आले. बिल एकशे चौदा रुपये. तो खर्च परवडला.

आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझा आवाज चढतो आहे, याची मला कल्पना आहे. चढू दे. अठरा वर्षं मी त्या खोलीत बसले आणि आवाज खालीच ठेवला.

लोक विचारतात, "तलावावर नोकरी? म्हणजे तुम्हाला पोहता येत असेल." नाही येत. आजही येत नाही. गुडघाभर पाण्याच्या पलीकडे मी कधी गेले नाही. माझं काम काठावरचं. स्पर्धेच्या दिवशी टेबल टाकून बसायचं आणि निकाल लिहायचे. पोहण्याचा निकाल सोपा. एका लेनला तीन घड्याळवाले. तिघांच्या वेळा वेगवेगळ्या आल्या तर मधली धरायची. डायव्हिंगला घड्याळ नसतं. पाच परीक्षक गुणांच्या पाट्या वर करतात. सगळ्यांत मोठा आकडा खोडायचा, सगळ्यांत लहान खोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची आणि उडी जितकी अवघड, त्या आकड्याने गुणायची. म्हणजे कोणा परीक्षकाची भाची उडीच्या फळीवर असली तरी तिचं फार भलं होत नाही, आणि कोणाचा राग असला तरी फार वाईट होत नाही. मला हा हिशोब फार आवडायचा. माणसांच्या स्वभावाची वजावट त्यात आधीच केलेली असते.

आमच्या पोहणाऱ्या मंडळींना मात्र तो पसंत नव्हता. "गुण देतात म्हणे! गाण्याची स्पर्धा आहे का?" असं आप्पा म्हणायचे. आप्पा स्वतः तरुणपणी चांगले पोहत. पुढे पाण्याच्या मोटारींचं दुकान काढलं, त्यात यश आलं, पोट आलं आणि अध्यक्षपद आलं. माणूस वाईट नव्हता. माझ्या मुलीच्या टायफॉइडच्या वेळी दोनदा चौकशीला घरी आले होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे लिहायचं आहे ते कोणा दुष्ट माणसाबद्दल आहे असं वाटू नये.

तर, हजेरीची फेरी.

संघटना स्थापन झाली तेव्हा सगळे पोहणारेच होते. घटनेत लिहिलं होतं की स्पर्धेत भाग घेणाऱ्याने पोहण्याच्या शर्यतीत उतरलं पाहिजे. पुढे तलावाला फळी बसली, पोलोचे गोल आले, पोरं आली. घटना कोणी बदलली नाही. त्याऐवजी एक युक्ती निघाली. डायव्हिंगवाले असोत, पोलोवाले असोत, प्रत्येकाने स्पर्धेच्या सकाळी पन्नास मीटर पोहून दाखवायचं. ती हजेरीची फेरी. मग दुपारी फळीवरून उड्या मारा, नाहीतर चेंडू मारा, पण संघटनेचं प्रमाणपत्र मिळणार ते सकाळच्या पन्नास मीटरचं. डायव्हिंगच्या पहिल्या क्रमांकाला आप्पा मेडल गळ्यात घालत, टाळ्या वाजत. प्रमाणपत्रावर मात्र 'पन्नास मीटर मुक्त शैली, सातवा क्रमांक'. ते प्रमाणपत्र टाइप करणारी मी.

यात संघटनेचा फायदाही होता. स्पर्धेच्या पत्रिकेत पोहणाऱ्यांची संख्या भरगच्च दिसायची. देणगीदार खूश व्हायचे.

हे असंच चाललं असतं. नंदा आली म्हणून थांबलं.

नंदा मखमलाबादची. वडील नामदेवकाका, घरी झेंडू आणि शेवंती, थोडा भाजीपाला. पहाटे फुलं बाजारात पोचवून ती सायकलवरून तलावावर यायची. कधी कधी केसांत झेंडूची पाकळी राहिलेली असायची. ती पहिल्यांदा आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. तिला आणलं सुभेदारांनी. सुभेदार म्हणजे देवळाली कॅम्पात स्थायिक झालेले निवृत्त फौजी. पलटणीत असताना डायव्हिंग करत, आता आमच्याकडे फुकट शिकवत. हातात नेहमी एक वेताची छडी. ती कोणाला मारली नाही. उडी वाकडी झाली की स्वतःच्याच मांडीवर मारून घेत.

सुभेदार कुठल्याशा लग्नाला मखमलाबादला गेले होते. तिथे त्यांनी या मुलीला विहिरीत सूर मारताना पाहिलं. मला सांगत होते, "बाई, पाणी वीस हात खाली. विहीर एवढीशी. एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला मोटारचा पाइप. पोरीने वरून झोकून दिलं, और पानी हिला तक नहीं!"

मी नंदाला विचारलं, "भीती नाही वाटत?"

ती म्हणाली, "वाकडं पडलं तं पाइप लागतो ना बाई. मंग सरळच पडायचं."

ही तिची सगळी विद्या. तलावावर शिकलेल्या मुलामुलींना वर्षभर सांगावं लागतं, की पाण्यात शिरताना अंग काडीसारखं ठेवा. हिला पाइपने शिकवलं होतं. तीन वर्षांत ती जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात तिसरी. राज्याच्या स्पर्धेला पाठवताना आम्ही शिफारसपत्रात काय लिहिलं? 'आमची जलतरणपटू'.

पुढे एका सरकारी भरतीत खेळाडूंसाठी काही जागा राखीव निघाल्या. नंदाने अर्ज केला. धावण्यात, लेखी परीक्षेत, सगळ्यात पास झाली. राज्याचं प्रमाणपत्र होतं, तिसरा क्रमांक, डायव्हिंग. पण नियम असा की खेळाडू ज्या जिल्ह्यातून पुढे गेला, तिथल्या संघटनेचा कागदही जुळला पाहिजे. तिथे अडलं. नामदेवकाका माझ्याकडे आले. डोक्यावरची टोपी हातात. "बाई, तुमचा कागुद चुकीचा हाय म्हनत्यात."

मी त्यांच्याबरोबर गेले. पडताळणी करणारे अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे बघा मॅडम. राज्य म्हणतं डायव्हिंग, तिसरी. तुमची संघटना म्हणते पोहणं, सातवी. तुमच्या संघटनेच्या नावात डायव्हिंग नाही, घटनेत नाही. मग ही मुलगी डायव्हिंगला तुमच्याकडून गेलीच कशी?"

"आम्ही पाठवली."

"कशाच्या आधारावर?"

तो माणूस बरोबर होता. मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. तो म्हणाला, "पुढच्या भरतीपर्यंत संघटनेचं नाव आणि घटना नीट करून आणा. मी स्वतः सही करीन." मग नंदाकडे बघून, "वय किती तुमचं?"

नंदाने सांगितलं. वयोमर्यादेला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं.

परत येताना आम्ही रिक्षा केली. मखमलाबादच्या फाट्याला उतरताना नंदा म्हणाली, "बाई, मी सातवी नव्हते आले. सकाळी पोहून दमले तं दुपारी उडी खराब व्हती, म्हनून मी मुद्दाम हळू पोहायची."

एप्रिलची ती सभा यासाठी बोलावली होती. सुभेदारांनी आणि पोलोचा कप्तान रफीक याने मिळून अर्ज दिला होता. त्या सभेत नंदाचं नाव निघालं तेव्हा एक सभासद म्हणाला, "एका मुलीसाठी नाव बदलायचं? उद्या कोणी तळाशी बसून श्वास धरेल, त्याचंही नाव घाला पाटीवर." सगळे हसले.

खरं कारण खर्च नव्हतंच. ते मला सभेनंतर कळलं. वडे संपल्यावर आप्पा माझ्या टेबलाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही हिशोबाच्या बाई. एक हिशोब करा. नावात तीन खेळ आले की समितीत तिघांचे प्रतिनिधी आले. समितीत आले की तलावाची वेळ मागणार. संध्याकाळी पाच ते सात आमच्या पोरांची वेळ आहे. ती वाटून द्यायची?"

"आत्ता डायव्हिंगवाल्यांना कोणती वेळ आहे?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"दुपारी एक ते तीन."

मे महिन्यात दुपारी एक वाजता त्या फळीवर पाय ठेवून बघा. पोरं बादलीने पाणी ओतून फळी गार करायची, मग चढायची.

जिल्हा स्पर्धा त्याच मे महिन्यात होती. आदल्या दिवशी नंदा माझ्याकडे प्रवेशिका द्यायला आली. म्हणाली, "बाई, उद्या तुम्ही नुसतं बघा. मधी बोलू नका."

"काय करणार आहेस?"

"नियम पाळनार."

स्पर्धेला प्रमुख पाहुणे होते सातपूरचे एक कारखानदार. तलावाच्या दुरुस्तीला दरवर्षी देणगी द्यायचे. पत्रिकेत पन्नास मीटरसाठी एकाहत्तर नावं छापली होती. आप्पांनी ती पत्रिका पाहुण्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "बघा, पोहण्याची चळवळ कशी वाढतेय!"

पहिली शर्यत मुलींची. सात जणी ओळीत उभ्या. तीन पोहणाऱ्या, चार डायव्हिंगच्या. शिट्टी झाली. सातही जणी पाण्यात गेल्या. तिघींचा धप्प आवाज आला. चौघींचा नाही. इतकं स्वच्छ पाण्यात शिरणं मी शर्यत सुरू करायच्या त्या ठोकळ्यांवरून कधी पाहिलं नव्हतं. तिघी हात मारत पुढे गेल्या. चौघी वर आल्या, मागे वळल्या, काठाला हात लावला, अंग उचलून बाहेर आल्या आणि टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर बसल्या.

गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "अगं पोह की!"

नंदा बसल्या जागेवरून म्हणाली, "झालं माझं. शर्यतीत उतरले ना."

दुसरी शर्यत मुलांची. त्यात पोलोवाले सहा. शिट्टी झाली, त्यांनी उड्या मारल्या, आणि आपापल्या लेनमध्ये पाण्यात उभे राहिले. पोलोत तळाला पाय लावायचा नसतो. पाय आतल्या आत फिरवत पाण्यात उभं राहायचं, हाच निम्मा खेळ. सहा जण छातीपर्यंत पाण्याबाहेर, दोन्ही हात डोक्यावर, जागच्या जागी. त्यांच्या दोन बाजूंनी दोन बिचारे पोहणारे शर्यत संपवून आलेसुद्धा.

पाहुणे पुढे वाकले. "आप्पासाहेब, ही कोणती शैली?"

आप्पांचा चेहरा लाल झाला होता. "सराव... सराव चाललाय त्यांचा."

"हात वर केलेत म्हणून म्हटलं. मला वाटलं शरण आले."

रफीकचं भद्रकालीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि आवाज दुकानदाराचा. तो पाण्यातून म्हणाला, "साहेब, पोहतो आम्ही. पण चेंडूच्या मागे. आज चेंडूच नाही दिला!"

पाहुणे हसले नाहीत. त्यांनी पत्रिका उघडली आणि बोटाने नावं मोजायला सुरुवात केली. मग माझ्या टेबलाकडे बघून विचारलं, "बाई, यातले पोहणारे किती?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. मला मत नव्हतं, पण आकडा विचारला तर सांगायचा हे माझं काम होतं.

"सव्वीस," मी म्हणाले.

"आणि बाकीचे पंचेचाळीस?"

"ते दुपारी दिसतील."

पाहुणे सहसा हार घालून, भाषण करून जेवायला जात. त्या दिवशी ते दुपारच्या उन्हात थांबले. नंदाची शेवटची उडी पाहिली. जाताना आप्पांना म्हणाले, "मी कारखान्यात पेटीवर जे लिहितो तेच पेटीत असतं. तुम्ही पाटीवर खरं लिहा. मग देणगीचं बोलू."

त्या स्पर्धेत डायव्हिंग आणि पोलोच्या एकालाही प्रमाणपत्र मिळालं नाही. हजेरीची फेरी पुरी केली नव्हती ना. नंदा पहिली आली होती. तिच्या हातात त्या वर्षाचा कसलाच कागद नव्हता. तिला हे आधीपासून माहीत होतं.

जूनमध्ये पुन्हा सभा. या वेळी हजर एकवीस. आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "बऱ्याच वर्षांपासून माझ्या मनात होतं, की सर्व खेळांना सामावून घेणारं नाव असावं." मी हे वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात लिहिलं आहे. नावावर चर्चा झाली. मी 'जलक्रीडा' सुचवलं होतं, लहान आणि सोपं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "जलक्रीडा? मग गोपीही बोलवा!" पुन्हा हशा. शेवटी तिन्ही खेळांची नावं सरळ लिहायची ठरलं. बाजूने एकवीस, विरोधात शून्य. एप्रिलमध्ये विरोधात हात वर करणारे बारा जण कुठे गेले होते, ते मला अजून कळलेलं नाही. सगळे तर समोरच बसले होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. वकिलांनी सांगितलं होतं, की जुलैत अर्ज दिला तर दिवाळीपर्यंत काम होईल. पुढची भरती जानेवारीत होती. नंदाचं वय तोवर बसत होतं.

जुलैत मी अर्ज तयार करून आप्पांच्या पुढे ठेवला. त्यांनी सहीसाठी पेन काढलं, आणि थांबले.

"बाई, जुनी लेटरहेडं किती उरलीत?"

"दोन रिमं."

"अरे बापरे. मग ती वाया जातील की. आधी ती संपवू. मग अर्ज देऊ."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. आमच्या संघटनेत काटकसरीचा हा एक प्रकार होता. साबण संपल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, शिक्क्याची शाई सुकल्याशिवाय नवी बाटली आणायची नाही. शंभर-सव्वाशेचे चहा-वडे एका बैठकीत संपवणारी माणसं कागद मात्र जिवापाड जपत.

मी म्हणाले, "आप्पा, दोन रिमं म्हणजे हजार पानं. आपल्याला महिन्याला चाळीस लागतात. पंचवीस महिने होतात."

"मग पंचवीस महिने. घाई कसली? ठराव तर झालाय."

"नंदाची भरती जानेवारीत आहे."

"ती हुशार मुलगी आहे. तिचं कुठेही होईल."

इतर पदाधिकाऱ्यांना सांगितलं. प्रत्येक जण म्हणाला, "आप्पांशी बोला." सुभेदार आप्पांच्या दुकानावर गेले, मोटारींच्या मध्ये उभे राहून भांडले. "पलटणीत कागदासाठी जवान थांबवत नाहीत, साहेब!" आप्पांनी त्यांना चहा पाजला.

मग मी पत्रं लिहायला सुरुवात केली. प्रत्येक क्लबला, प्रत्येक शाळेला. टॉवेल स्वच्छ असावा याबद्दल पत्र. टोपी घालण्याबद्दल पत्र. टोपीच्या पत्राची आठवण करून देणारं पत्र. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने उलट लिहिलं, 'आपली सर्व पत्रे मिळाली. आमच्याकडे पोहणारा विद्यार्थी नाही.' पण माझा पगार आणि टपालखर्च संघटनेचा, तो असा उधळणं मला पटेना. दिवाळीला मोजली तर सातशे साठ पानं उरली होती.

नंदा दिवाळीचा फराळ घेऊन आली. शेवंतीची एक पिशवीही होती. ती निघून गेल्यावर मी माझ्या पर्समधून पैसे काढले. एका पानाला साठ पैसे पडले होते. सातशे साठ पानांचे चारशे छप्पन्न रुपये. तेव्हा माझा पगार सतराशे होता. मी स्वतःच्या नावाने पावती फाडली, पैसे पेटीत टाकले आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना सांगितलं, "लेटरहेडं संपली."

"संपली? कशी?"

"विकली."

"कोणाला?"

"मला. पावती आहे."

"काय करणार एवढ्या कागदांचं?"

"मुलीला गणितं करायला."

सही झाली. अर्ज गेला. सरकारी काम ज्या वेगाने होतं त्याच वेगाने झालं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनी वकिलांनी सांगितला होता तेवढाच वेळ घेतला. नवं नाव फेब्रुवारीअखेर मंजूर होऊन आलं. भरती जानेवारीत होऊन गेली होती. नंदा तिथे राज्याचं प्रमाणपत्र घेऊन गेली होती, आणि आमचा तोच सातव्या क्रमांकाचा कागद. अधिकारी तेच होते. त्यांनी विचारलं, "अजून नाही केलं?" पुढची भरती निघाली तेव्हा तिचं वय उलटून गेलं होतं.

पाटी लागली त्या दिवशी कार्यक्रम झाला. नावबदलासाठी केलेल्या अथक प्रयत्नांबद्दल आप्पांचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि हार, तीनशे एकावन्न रुपये. ते व्हाउचर मला करावं लागलं. हार झेंडूचा होता. सुभेदार आले नाहीत. मी कोपऱ्यात उभी होते आणि मनातल्या मनात मोठा आकडा खोडत होते, लहान आकडा खोडत होते. काही शिल्लक राहत नव्हतं.

नंदाचं लग्न येवल्याला झालं. सासरी पैठणीचे माग. ती मागावर बसायला शिकली. मला वाटलं, आता ती परत दिसणार नाही.

२००६ साली सुभेदारांचे गुडघे गेले. फळीखाली उभं राहवेना. त्यांनी नंदाला निरोप पाठवला. ती आली. रविवारी पहाटेची एसटी धरायची, आठला तलावावर, दिवसभर मुलांना शिकवायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. आता डायव्हिंगला संध्याकाळी पाच ते सहाची वेळ मिळाली होती. समितीतल्या नव्या प्रतिनिधींनी भांडून घेतलेली. आप्पा अजून अध्यक्ष होते. तेही म्हणाले, "वा, आपलीच मुलगी!"

दोन-तीन महिन्यांनी मी तिच्या गाडीभाड्याचा विषय समितीत मांडला. खजिनदार म्हणाले, "प्रवासखर्चाच्या नियमात 'जलतरण प्रशिक्षक' एवढंच लिहिलंय. डायव्हिंगसाठी तरतूद नाही."

नाव बदललं होतं. पाटी, शिक्के, लेटरहेड, सगळं बदललं होतं. आतले नियम कोणी उघडलेच नव्हते.

कोणीतरी म्हणालं, "मग जलतरण प्रशिक्षक म्हणून दाखवा ना. कागदापुरतं."

मी उभी राहिले. आठ वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं, तुम्हाला मत नाही. अजूनही नव्हतं. मी म्हणाले, "तिला आता पुन्हा एकदा कागदावर पोहायला लावलंत, तर ही ऑफिसची किल्ली घ्या आणि कारकून दुसरा बघा." आप्पा खाली मान घालून बसले होते. शेवटी तेच म्हणाले, "बाई म्हणतात तसं करा. नियम बदला." एवढंच बोलले. मला त्यांचा राग आहे, पण हे वाक्य त्यांचं आहे, तेही लिहिलं पाहिजे.

त्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत नंदाने शिकवलेली एक मुलगी पहिली आली. पोहण्याची फेरी तिला करावी लागली नाही. प्रमाणपत्र मी टाइप केलं: डायव्हिंग, प्रथम. टाइप करून झाल्यावर दोनदा वाचलं.

आणि गाडीभाडं. येवला ते नाशिक जाऊन-येऊन एकशे चार रुपये, अकरा रविवार, अकराशे चव्वेचाळीस. मी व्हाउचर केलं, खर्चाच्या रकान्यात 'डायव्हिंग' लिहिलं आणि नंदापुढे ठेवलं. तिने वाचलं, पेन घेतलं, आणि सही न करता थांबली.

"बाई, दोन रविवारी मी गावातल्या कांद्याच्या टेम्पोत आले होते. त्यानंच मला परत सोडलं. पैसे घेतले नाय त्यांनी. ते दोन वजा करा."

"राहू दे गं."

"नाय. करा वजा."

मी जुनं व्हाउचर रद्द करून नवं लिहिलं. नऊ रविवारांचे नऊशे छत्तीस रुपये. दिले नंदाला, रोख.